पावसाआधी हीटर कोअर धुतला: मालवण, मे २०२५

३ मे, शनिवार. इंजिन वीस मिनिटं चालवून झालं होतं, तापमानाचा काटा नेहमीच्या जागी मध्यावर होता, हीटरचा लिव्हर पूर्ण लाल टोकाला आणि पंखा तीनवर. डॅशबोर्डच्या जाळीत स्वयंपाकाचा थर्मामीटर धरला तर ३४ अंश. बाहेरची हवा ३३. म्हणजे हीटर नावालाच.

गाडी २००६ सालची, डिझेल, सात सीटर, बिडाचा ब्लॉक. एसीचा कॉम्प्रेसर कधीच काढून टाकलेला. अशा गाडीत पावसाळ्यात पुढची काच आतून स्वच्छ ठेवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे काचेवर सोडलेली गरम हवा. सावंतवाडीहून आंबोली चढताना जुलैत धुकं, पाऊस आणि आत बसलेल्या सहा माणसांचे ओले कपडे एकत्र आले की फडक्याने पुसलेली काच दोन वळणांत परत धुरकटते. कोकणात हीटरची गरज थंडीसाठी नाही, नजरेसाठी आहे. म्हणून हे काम पावसाआधी संपवायचं होतं. ज्यांच्या गाडीत हेच दुखणं आहे त्यांच्यासाठी तारीखवार लिहितो.

आधी निदान, कारण गरम हवा येत नाही म्हणजे कोअर चोंदलाच असं नाही. बोनेट उघडलं की इंजिनमागच्या पत्र्यातून दोन रबरी पाइप आत जाताना दिसतात. एक इंजिनच्या हेडकडून गरम पाणी आणतो, दुसरा ते वॉटर पंपाकडे परत नेतो. पत्र्याच्या आत, डॅशबोर्डखाली छोटा रेडिएटर असतो, तोच हीटर कोअर. दुकानात मागताना ‘हीटर कॉइल’ म्हणा, पटकन कळतं. इंजिन गरम असताना या दोन पाइपांना हात लावायचा. (पंख्याचा पट्टा जवळ असतो, बाही आणि गळ्यातलं काही लोंबत ठेवू नका.) दोन्ही सारखे गरम असतील आणि हवा गार येत असेल, तर पाणी कोअरमधून फिरतंय; दोष हवा वळवणाऱ्या आतल्या झडपेचा किंवा तिच्या केबलचा. दोन्ही गार असतील तर पाणी कोअरपर्यंत पोचतच नाही: पाणी कमी आहे, हवा अडकली आहे, किंवा हीटरचा व्हॉल्व्ह बंद अडकला आहे. दोन्ही कोमट असतील आणि काटाही खाली राहत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप) उघडा अडकला असण्याची शक्यता जास्त. एक चटका देणारा आणि दुसरा जेमतेम कोमट असेल तर मात्र कोअर चोंदलाय. इथे आणणारा पाइप ७८ अंश आणि नेणारा ३९ होता. लेझरचा थर्मामीटर एका एसीवाल्याकडून तासाभरासाठी आणला होता. तो नसला तरी चालतं, फरक हातालाच कळतो.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी पाहिली, आणि ती आधी पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नका. डाव्या सीटसमोरचा गालिचा उचलून खालचा पत्रा चाचपला. तिथे ओल असेल, गाडीत गोडसर वास येत असेल, काचेवर आतून तेलकट थर बसत असेल, तर कोअर गळतोय. गळक्या कोअरला धुण्यात अर्थ नाही. गाळानेच बंद झालेली भोकं धुतल्यावर मोकळी होतात आणि सगळं पाणी पायाशी येतं. इथे पत्रा कोरडा होता.

त्याच संध्याकाळी एका गॅरेजला विचारलं. कोअर बदलायचे साडेअकरा हजार आणि दोन दिवस. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण त्यांचंही चूक नाही. कोअरसाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि एकोणीस वर्षं उन्हात तापलेलं प्लॅस्टिक उतरवताना त्याचे लॉक तुटतात. नंतर डॅशबोर्ड आयुष्यभर खुळखुळत राहतो. त्यामुळे आधी धुऊन पाहायचं ठरवलं.

४ मे, रविवार. व्हॉल्व्ह तपासला. जुन्या गाड्यांत तो केबलवर चालतो. लिव्हर ‘गार’वर असला की हा व्हॉल्व्ह बंद राहतो आणि कोअरमधलं पाणी जागच्या जागी साचून राहतं. इथे आपल्याकडची खरी अडचण आहे. घाटावरच्या गाडीचा हीटर थंडीत दोन-तीन महिने तरी चालतो, किनाऱ्यावरची गाडी वर्षातले आठ-नऊ महिने लिव्हर निळ्या टोकाला ठेवूनच फिरते. कोअरच्या नळ्या रेडिएटरपेक्षा अरुंद, त्यातून वाहणारं पाणी थोडं, आणि तेही थांबलेलं. गाळ बसायला याहून चांगली जागा नाही. केबल सोडून व्हॉल्व्हची दांडी गंज सोडवणारा स्प्रे मारून पकडीने हळूहळू हलवली. तासाभराने ती सुटली, पण तिच्या मुळाशी पाण्याचा थेंब धरू लागला. म्हणजे व्हॉल्व्ह नवा हवा.

५ मेला कुडाळच्या दुकानात गेलो. सोबत आरसीची झेरॉक्स, चेसिस नंबरचा फोटो आणि जुन्या व्हॉल्व्हचा मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक पाइपची वळणं आणि व्हॉल्व्ह बदललेले असतात, नुसतं मॉडेलचं नाव सांगून माल मागवलात तर तो परत पाठवावा लागणार. पाइप दोन, पाच सुती (५/८ इंची), वळण असलेले, व्हॉल्व्ह एक, थर्मोस्टॅट आणि त्याचं पॅकिंग, रेडिएटरचं झाकण. माल कोल्हापूरहून यायचा होता, ‘आठवड्यात येईल’ असं सांगितलं. पार्ट नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागून घेतलं. त्या बिलाचा पुढे उपयोग झाला.

१० मे, शनिवार, सकाळी सहा. गाडी रात्रभर थंड ठेवलेली. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नये हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही दरवर्षी कोणी ना कोणी भाजतो. झाकणातली स्प्रिंग सुमारे ०.९ बारचा दाब धरून ठेवते, त्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम उकळून तोंडावर येतं.

रेडिएटरचा खालचा होज (जाड रबरी पाइप) सोडला. ९ लिटरच्या सिस्टीममधून साडेसहा लिटर निघालं, बाकी ब्लॉकमध्ये राहिलं. ब्लॉकचा ड्रेन बोल्ट गंजून बसला होता. त्यावर जोर काढला नाही, कारण तो तुटला तर काम वेल्डिंगवाल्याकडे जातं. निघालेलं पाणी काळ्या चहाच्या रंगाचं. पांढऱ्या टबात तासभर ठेवल्यावर तळाशी दोन थर बसले, वर तांबडा आणि खाली काळा. तांबडा थर बघणारे सगळे म्हणतात की विहिरीच्या पाण्यातली जांभ्याची माती असणार. माती नव्हे ती. तो ब्लॉकच्या बिडाचा गंज आहे. टबाखाली स्पीकरचं चुंबक फिरवलं तर काळा थर त्याच्यामागून सरकला, तांबडा जागचा हलला नाही. काळा गाळ म्हणजे हवा न मिळता तयार झालेला लोखंडाचा ऑक्साइड, तो चुंबकाला लागतो.

कारण उघड होतं. या गाडीत निदान चार वर्षं कूलंट नव्हतंच, घरच्या विहिरीचं पाणी होतं. खाडीजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. आरओवाल्याच्या टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) त्या दिवशी विहिरीचं पाणी ११८० दाखवत होतं, बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर ३. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड धातू खातो, आणि कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं नसली की त्याला अडवणारं काही उरत नाही. ‘आपल्याकडे पाणी गोठत नाही, कूलंट कशाला’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतं. बर्फ पडत नसेल तिथेही गंज तर पडतोच.

आता कोअरचे पाइप. इथे घाई केली तर सगळंच फुकट जातं. रबर कोअरच्या नळीला चिकटून बसलेलं असतं. पकडीने धरून पिळलं तर आतली पातळ नळी मुळाशी तडकते, मग डॅशबोर्ड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. पाइप वाचवायचा नाही, नळी वाचवायची. कटरच्या पात्याने पाइप लांबीच्या दिशेने चिरला, पातं नळीपर्यंत पोचू न देता, आणि केळ्याची साल काढतात तसा सोलून काढला. दोन पाइपांना पाऊण तास लागला. नळी नखाने खरवडून पाहिली, पिवळी निघाली: म्हणजे तांब्या-पितळेचा कोअर. पांढरी आणि मऊ निघाली तर ॲल्युमिनियम. हे आत्ताच बघून ठेवा, पुढच्या अ‍ॅसिडचं प्रमाण त्यावर ठरतं.

दोन्ही नळ्यांना पाच सुती पारदर्शक पाइपचे दीड-दीड मीटरचे तुकडे क्लिपने बसवले. पारदर्शकच घ्या, आतून काय जातंय हे दिसणं फार कामाचं आहे. पाणी स्लॅबवरच्या टाकीचं. टाकीची पातळी गाडीपासून साधारण ५ मीटर उंच, म्हणजे अर्धा बार दाब (दर १० मीटरला सुमारे १ बार होतो). कोअर रोज झाकणाइतका दाब सोसतोच, त्यामुळे टाकीचं पाणी सुरक्षित. विहिरीच्या पंपाचं पाणी थेट जोडू नका, त्याचा दाब सहज दोन-अडीच बारवर जातो. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको, ती सात-आठ बारची असते आणि एकोणीस वर्षांचा झाळ (सांध्यांवरचा डाक) क्षणात उघडते.

पहिलं माप: नुसत्या नळाच्या पाइपने १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली. तेच पाणी कोअरमधून सोडलं तेव्हा ६ मिनिटं १० सेकंद. हे माप घ्याच. गाळ निघतोय की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कारण पाणी दोन मिनिटांत नितळ येऊ लागतं आणि काम झालं असं वाटतं. बादली आणि घड्याळ मात्र खरं काय ते सांगतात.

पाणी उलट दिशेने सोडायचं, म्हणजे नेणाऱ्या नळीतून आत आणि आणणाऱ्या नळीतून बाहेर. गाळ नळ्यांच्या तोंडाशी आतल्या बाजूला ढकलला जाऊन बसलेला असतो. सरळ दिशेने सोडलेलं पाणी त्याला आणखी घट्ट करतं. दहा मिनिटं उलटं, दोन मिनिटं सरळ, परत उलटं. मध्येच नळ बंद करून दहा सेकंद थांबून एकदम सोडायचा. थांबलेला गाळ त्या धक्क्याने हलतो.

तिसऱ्या फेरीला पारदर्शक पाइपमधून काहीतरी पिवळट सरकताना दिसलं. चाळणीत धरलं. वाटाण्याएवढे, चिवट, वरून तपकिरी गोळे, बोटाने चिरडले की आतून पिवळे. शेजारचे मेस्त्री उभे होते, वास घेऊन म्हणाले, “हेच्यात हळद घातलली कोणी?” घातली होती. मार्चमध्ये फोंडा घाटात रेडिएटरला पाझर लागला तेव्हा वाटेतल्या कोणीतरी पाव किलोची अख्खी पुडी ओतली होती. मेस्त्रींनी पानाच्या डबीतला चुना बोटावर घेऊन त्या गोळ्याला लावला आणि तो लालसर झाला. कुंकवाचीच परीक्षा.

हळद पाझर थांबवते हे खरं. तिच्यातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो, चिकट होतो आणि बारीक भोकात जाऊन बसतो. पण रेडिएटरचं भोक कुठलं आणि हीटर कोअरची नळी कुठली हे हळदीला कळत नाही. अरुंद आणि संथ जागा आधी भरते. दुकानात मिळणाऱ्या पाझर थांबवणाऱ्या पावडरींचंही तेच होतं. घाटात अडकल्यावर घर गाठण्यासाठी दोन चमचे घातली तर एकवेळ समजू शकतं, पण मग आठवड्याच्या आत रेडिएटर झाळून घेऊन सगळं पाणी बदललंच पाहिजे.

याच कारणाने क्रम महत्त्वाचा: आधी पाण्याचा मारा, मग अ‍ॅसिड. अ‍ॅसिड गंज आणि क्षार विरघळवतं, हळदीचा चिकटा विरघळवत नाही. चिकट्यावर अ‍ॅसिड ओतलं तर ते खालच्या गंजापर्यंत पोचतच नाही. संध्याकाळपर्यंत उलटसुलट करून बादली २ मिनिटं ५ सेकंदांवर आली. त्यानंतर तासभर काही फरक पडेना.

११ मे, रविवार. लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, किराणा दुकानातलं. २ लिटर पाण्यात १०० ग्रॅम. पाणी हाताला सोसवणार नाही इतपत गरम, साधारण ६० अंश. दोन्ही पारदर्शक पाइपची तोंडं बोनेटला वर बांधली आणि एका बाजूने नरसाळ्याने ओतत गेलो, दुसऱ्या पाइपमध्ये पातळी दिसेपर्यंत. कोअरमध्ये लिटरभरही मावत नाही. तोंडं उघडीच ठेवायची. क्षारांवर अ‍ॅसिड पडलं की वायू सुटतो, बुच मारलंत तर तो पाइप उडवेल. हातमोजे आणि चष्मा हवाच.

वीस मिनिटांनी काढलं. गढूळ, पिवळट हिरवं. धुऊन मोजलं: १ मिनिट २० सेकंद. दुसऱ्यांदा ताजं मिश्रण, परत वीस मिनिटं. या वेळी गढूळपणा कमी आणि निळसर झाक जास्त. ती झाक म्हणजे थांबायची खूण. गंज संपत आलाय आणि अ‍ॅसिड आता तांबं खायला लागलंय. मोजलं: ५८ सेकंद. इथेच थांबलो. नुसता पाइप ४० सेकंद घेतो हे लक्षात घेतलं तर ५८ उत्तम आहे, आणखी दहा सेकंदांच्या लोभाने झाळ पातळ करून घेण्यात शहाणपण नाही. ॲल्युमिनियमचा कोअर असेल तर प्रमाण निम्मं ठेवा, लिटरला २५ ग्रॅम, आणि दहा मिनिटांच्या वर ठेवू नका.

काय वापरायचं नाही तेही सांगतो, कारण तीन दिवसांत तिन्ही सल्ले मिळाले. फरशी धुण्याचं अ‍ॅसिड: ते मीठाचं तीव्र आम्ल आहे, ॲल्युमिनियम आणि झाळ दोन्ही खातं. कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडा: ॲल्युमिनियमला तोही तितकाच वाईट. आणि कोकमाचं आगळ, कारण तांब्याची भांडी आमसुलाने लख्ख निघतात. भांडं लगेच धुऊन ठेवतो, कोअर आतून तसा धुता येत नाही. शिवाय आगळात मीठ असतं, आणि मिठानेच तर हे सगळं झालं.

शेवटी ५ लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून तो कोअरमधून सोडला, राहिलेलं अ‍ॅसिड मारायला. मग टाकीचं पाणी, आणि अखेरीस ५ लिटर डिस्टिल्ड वॉटर. टाकीचं पाणी विहिरीचंच असल्याने हा शेवटचा हात टाळू नका.

कोअर धुतला आणि ब्लॉक तसाच ठेवला तर महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. म्हणून थर्मोस्टॅट काढून ब्लॉक वेगळा धुतला, वरून पाणी, खालच्या होजमधून बाहेर, नितळ येईपर्यंत. तासाभरात ते झालं. रेडिएटर उतरवून १२ मेला झाळायला दिला, १३ला मिळाला, ६०० रुपये. तोपर्यंत पार्सल आलेलं नव्हतं, म्हणून इंजिनच्या दोन हीटर नळ्या एकाच पाइपच्या तुकड्याने आपसात जोडल्या आणि डिस्टिल्ड वॉटर भरून गाडी चालू केली. कोअरला वगळून गाडी अशी बिनधास्त चालते. कोअर गळत असेल आणि पैसे जमेपर्यंत थांबायचं असेल तरी हाच उपाय. फक्त ज्या इंजिनात तो रस्ता उघडा लागतो तिथे नळ्यांना बुच मारू नका, जोडाच.

याच चार दिवसांत हवेची बाजू साफ केली. काचेखालची वायपरची जाळी काढली तर आत सुरूच्या काड्या आणि आंब्याच्या पानांचा दोन ओंजळी चुरा. पाणी निघून जायची भोकं त्याने बंद झाली होती. पावसात हेच पाणी पंख्यात आणि पायाशी उतरतं, आणि लोक कोअर फुटला समजून घाबरतात. या कामाला पैसा लागत नाही, दर मे महिन्यात करा.

१५ मे, गुरुवार. पार्सल एसटीने आलं, ७० रुपये भाडं. पाइप बरोबर, व्हॉल्व्ह चुकीचा. दिसायला हुबेहूब, पण केबल ओढल्यावर उघडणारा. गाडीत हवा होता ढकलल्यावर उघडणारा. बसवण्याआधी हातात घेऊन दांडी हलवून बघितल्यामुळे कळलं. बसवल्यावर पाण्याचा डाग पडतो आणि मग कोणी परत घेत नाही. १७ तारखेला बिल आणि पार्ट नंबर दाखवल्यावर काहीही वाद न होता बदलून मिळाला. पक्कं बिल नसतं तर ४८० रुपये गेले होते.

१८ मे, रविवार. जोडणी. जुन्या स्प्रिंगच्या क्लिप खाऱ्या हवेने गंजल्या होत्या, त्याऐवजी स्टेनलेसच्या फिरकीच्या क्लिपा, सहा. पाइप बसवताना ग्रीस किंवा तेल लावू नका, रबर फुगतं. कूलंटचंच बोट फिरवलं की पाइप सरकतो. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे यायला हवी, आणि रबर क्लिपच्या फटींतून वर येईल इतकी आवळायची नाही.

कूलंट भरताना एक हिशेब चुकतो. सगळं काढलं तरी ब्लॉकमध्ये अडीच लिटर पाणी राहतंच. बाहेर अर्धंअर्धं मिश्रण करून भरलं तर आत ते पातळ होतं. म्हणून आधी एकूण क्षमतेच्या निम्मं, साडेचार लिटर, निव्वळ कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) ओतलं आणि मग भरेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर. डबा घेताना नीट वाचा, ‘तयार मिश्रण’ लिहिलेलं असेल तर हा हिशेब लागू नाही.

मग हवा काढणं. गाडीचं नाक चढाला, पुढची चाकं वीतभर उंच. झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा. इंजिन नुसतं चालू. पाइप हातमोजा घालून दाबत-सोडत राहायचं, बुडबुडे येतात, पातळी उतरते, ओतत राहायचं. ८२ अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते. तिथे बरेच जण झाकण लावून मोकळे होतात आणि दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते. ती खळखळ म्हणजे कोअरमध्ये अडकलेली हवा. आणखी पंधरा मिनिटं द्या. एकूण पन्नास मिनिटं लागली. रात्रभर थंड करून १९ला सकाळी अर्धा पेला आणखी मावलं.

माप: आणणारा पाइप ८० अंश, नेणारा ६८. जाळीतली हवा ५८. ते वाचताना फार बरं वाटलं, पंधरा दिवसांचा ताण त्या एका आकड्याने गेला.

२० मेपासूनच इथे जोरदार पाऊस सुरू झाला आणि २५ मेला मान्सून देवगडपर्यंत पोचला. दोन आठवडे उशीर केला असता तर हे सगळं ताडपत्रीखाली करावं लागलं असतं. १ जूनला आंबोली चढून पाहिलं. सहाजण, ओल्या छत्र्या, सुमारे ६९० मीटर चढ. दाणोलीनंतर काच धुरकटली, हवा काचेवर आणि पंखा दोनवर टाकला, दीड-दोन मिनिटांत खालून वर स्वच्छ होत गेली. हवा बाहेरून घेण्याचा लिव्हर उघडा ठेवायचा, आतलीच हवा फिरवली तर श्वासातली वाफ तिथेच राहते. काच एक बोट उघडी ठेवली की आणखी लवकर होतं. ज्यांच्या गाडीत एसी आहे त्यांनी एसी आणि हीटर दोन्ही एकत्र लावावेत. एसी ओल काढतो, हीटर काच उबदार ठेवतो. किनाऱ्यावर नुसता एसी जोरात ठेवला तर काच इतकी गार होते की बाहेरून धुकं धरतं. ते आतून पुसून कधीच जात नाही, वायपर मारून तापमान वाढवावं लागतं.

खर्च असा झाला: पाइप ५२०, क्लिपा २१०, व्हॉल्व्ह ४८०, थर्मोस्टॅट आणि पॅकिंग ४३०, झाकण १८०, लिंबूफूल १४०, सोडा ३०, कूलंट ५ लिटर १४५०, डिस्टिल्ड वॉटरचे पाच कॅन ४५०, पारदर्शक पाइप २४०, रेडिएटर झाळणं ६००, एसटी पार्सल ७०. एकूण ४८०० रुपये. यातले कूलंट, थर्मोस्टॅट आणि झाकण कोअर बदलला असता तरी लागलेच असते.

तुमच्या गाडीतून कूलंट निघालं तर त्याबद्दल. कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्रं, मांजर, वासरू चाटतं. गटारात, माडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहून, जिथून जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे जातं अशा गॅरेजला विचारून वेगळंच द्या. ऑइलमध्ये मिसळायचं नाही.

१५ जूनला, सुमारे ६०० किलोमीटर झाल्यावर, थंड इंजिनमधून पेलाभर कूलंट काढून काचेच्या बाटलीत भरलं आणि खिडकीत ठेवलं. दोन दिवसांनी तळाशी नखाएवढा तांबडा थर होता, पिवळं काही नाही. ब्लॉकच्या कोपऱ्यांत राहिलेला गंज सुटतोय. म्हणून हे कूलंट दोन वर्षं न ठेवता दिवाळीनंतर एकदा बदलणार. तोवर दर रविवारी पाच मिनिटं लिव्हर लाल टोकाला, बाहेर कितीही उकडत असलं तरी. बाटलीवर तारीख लिहून ठेवली आहे, पुढच्या महिन्याची तिच्या शेजारी ठेवायची.